घोळण्याची किल्ली

ड्रमकेरा, लीट्रिम
मेचा शेवटचा मंगळवार, पाऊस थांबलेला

आदरणीय सिस्टर बेनिग्नस, म्हणजे आमची नोरा आत्या, हिला

डिंफ्नाचा बसल्या जागेवरून आणि फॉन्सीचा अंथरुणात उताणं पडून सप्रेम नमस्कार. (तो उताणा का, ते पुढे येईलच. काळजी नको, जेवण व्यवस्थित चालू आहे, किंबहुना जरा जास्तच.) तू नन झालीस म्हणून तुला अहो-जाहो करायचं, असं बाबांनी मला आणि फॉन्सीला, आम्हा दोघा भावंडांना, बजावलं होतं. पण मला ते पहिल्या ओळीपुढे कधी जमलं नाही, तेव्हा देवाने काय ते समजून घ्यावं. तुझा नवा खुबा काय म्हणतो? ईस्टरच्या कार्डात तू लिहिलं होतंस की आता प्रार्थनेला गुडघे टेकून पुन्हा उठताही येतं, पूर्वी नुसतं टेकता यायचं. वाचून फार बरं वाटलं. पर्थला थंडी सुरू झाली असेल. तुमची थंडी म्हणजे आमचा भर उन्हाळा, हे फॉन्सीने मला समजावून सांगितलंय, तरी लोकरीचं आत घालत जा. आणि तुमच्या कॉन्व्हेंटातली ती नवी स्वयंपाकीण अजून सगळ्यात लसूण घालते का? घालत असेल तर देवाला अर्पण कर आणि गिळून टाक. आमच्या ज्यूलिया मावशीने अख्खं लग्न तसंच काढलं.

इकडचं सगळं क्षेम. हे रीत म्हणून लिहीत नाही. मागल्या आठवड्यात ते क्षेम हातचं जाता जाता राहिलं, म्हणून तर एवढं लांबलचक पत्र. आत्या, माझा जीव भांड्यात पडला गं. रविवार संध्याकाळपासून मी गुणगुणत भांडी घासतेय, आणि फॉन्सी आतून विचारतोय की रेडिओ कुणी लावून ठेवलाय.

झालं असं, की जुन्या वास्तूंच्या सरकारी खात्याकडून पत्र आलं. आपल्या घरासमोरच्या पडक्या मठाच्या फाटकाची किल्ली हेस्लिनांकडे असते, असं खात्याच्या कानावर आलंय म्हणे. (फाटकावर पाटीच आहे, ‘किल्लीसाठी समोरच्या घरी विचारा’, आणि ती खात्यानेच लावलीय. पण तो कान वेगळा असेल.) तर गुरुवारी एक बाई येऊन पाहणी करतील. किल्ली जागेवर असली तर ठीक. नसली तर फाटकाला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसेल, आणि मठ बघायचा त्याने कॅरिकच्या कचेरीला फोन करून आकडे मागून घ्यावेत. खाली सही, सहीवर शिक्का, आणि शिक्क्याखाली ‘आपल्या सहकार्याबद्दल’ वगैरे.

तू म्हणशील, गेली किल्ली तर गेली, ब्याद टळली. पण आत्या, आई गेल्यापासून आणि दुधाची गाडी बंद झाल्यापासून आपल्या दारावर थाप मारतं कोण? ज्याला किल्ली हवी असते तोच. कुठून कुठून येतात माणसं, चिखलाने भरलेली, नकाशा उलटा धरलेली. किल्ली घरात असली तर मी किल्ली देते आणि नसली तर चहा देते, बहुतेकदा दोन्ही. त्यांची सगळी हकीकत ऐकते, आपली सांगते. फॉन्सीशी बोलते मी, नाही असं नाही, पण फॉन्सीला आज विचारलेल्याचं उत्तर उद्या न्याहारीला मिळतं. ती थाप बंद झाली तर मी, फॉन्सी आणि घड्याळ, एवढेच उरणार होतो. पत्र वाचून मी रडले. तुलाच म्हणून सांगते. फॉन्सीला म्हटलं कांदा चिरतेय. घरात कांदा नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो सायकल काढून दुकानात गेला आणि पिशवीभर कांदे घेऊन आला.

आता खरी अडचण सांगते. किल्ली खिळ्याला नव्हतीच. लेन्टचे उपास सुरू झाले तेव्हापासून नव्हती. ती कुणाच्या तरी नाकाला गेली होती.

तुला आठवत असेलच, पण तू फार वर्षं शहाण्या माणसांत काढलीस म्हणून पुन्हा सांगते. नाकाचा घोळणा फुटला की आपल्या मठाची किल्ली मानेमागे, कपड्याच्या आत सोडायची, रक्त थांबतं. आणि या किल्लीचे नियम असे, की जिच्यामुळे बरं वाटलं तिचे आभार मानायचे नाहीत, आणि देणाऱ्याने ती परत मागायची नाही. मागितली की आजवर थांबलेले सगळे घोळणे एकदम फुटतात. ज्याला गुण आला त्याने एकतर ती पुढच्या फुटक्या नाकाकडे द्यायची, नाहीतर स्वतःच्या हाताने आणून खिळ्याला लावायची. असा कारभार असल्यावर किल्ली कुठल्या गावी आहे हे खात्याला काय, हेस्लिनांनाही ठाऊक नसतं. फॉन्सीला एवढंच आठवत होतं की त्याने ती काँसेप्टा मल्व्हीला दिली, तिच्या नवऱ्यासाठी.

गुरुवारी मिस फिडेल्मा प्रेंडरगास्ट आल्या, डब्लिनहून. वय पस्तिशीचं, चेहरा गोड, बूट पांढरे. (पांढरे बूट, आत्या. लीट्रिममध्ये.) मी म्हटलं चहा घेणार का, तर पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणाल्या! मी उभीच राहिले. पाणी ठेवलेलंच नव्हतं. आपल्यात माणूस तीनदा ‘नको’ म्हणतो त्या वेळात तर पाणी उकळतं. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर फिरायला लागली, म्हणून मी रिकाम्या खिळ्याला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, किल्लीचं काय हो, ती कुठे पळून जात नाही (देवा, क्षमा कर), आधी आमचा परिसर तर बघून घ्या. मठ एकटा बघून काय कळणार? त्यांना ते फार पटलं. वहीत लिहून घेतलं त्यांनी ते. फॉन्सीला म्हटलं तू मठाच्या फाटकाशी जाऊन थांब, आम्ही आलोच. आणि त्यांच्याच गाडीत बसून आम्ही किल्लीच्या शोधात निघालो. त्यांना मात्र मी प्रेमाने जिल्हा दाखवतेय असंच वाटत होतं.

पहिल्यांदा मल्व्हींकडे. तिथे एक पडका मनोरा आहे, काँसेप्टाच्या कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक त्याला बांधलेलं आहे. मिस प्रेंडरगास्ट तो बघत होत्या तेवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरले. आता मागायचं तर नाही, विचारायचंही नाही. आधी हवा झाली, मग तिच्या वासराचा पाय झाला, मग नुकते गेले त्यांची नावं झाली. मग मी म्हटलं, “घरातली नाकं कशी आहेत, काँसेप्टा?”

“कोरडी ठणठणीत. त्याची कृपा.”

“म्हणजे आता काही लागत नाही?”

“आम्हाला कशाला लागतंय? आम्ही काय ठेवून घेणारी माणसं आहोत?” ती जरा फणकारली. मग रूबार्बचा टार्ट कापता कापता छताकडे बघून म्हणाली, “पॅकी गकियनच्या बैलाचे मात्र फार हाल झाले गं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. मला मेलीला बघवेना.”

आत्या, बैल! आमच्या आजोबांच्या हातची किल्ली बैलाच्या मानेवर! मी तोंडातला टार्ट तसाच ठेवून बाहेर पडले.

पॅकी गकियन राहतो वर स्लीव्ह अनिएरिन डोंगराच्या उतारावर. रस्त्यात मिस प्रेंडरगास्ट सारख्या गाडी थांबवून खाली लॉक अ‍ॅलन तळ्याचं पाणी बघत होत्या आणि म्हणत होत्या, किती शांत आहे इथे. मी म्हटलं, हो ना, गेली किती वर्षं तक्रार करतोय आम्ही. पॅकीच्या अंगणात ती दगडी घामखोपटी आहे बघ, आपल्या पणज्या जिच्यात विस्तव करून बसायच्या आणि सांधेदुखीचा घाम काढायच्या. दार एवढंसं की रांगत जावं लागतं. पॅकीने तिच्यात कोंबड्या पाळल्यात. सरकारी गाडी बघितल्याबरोबर त्याला वाटलं शेतकी खातं आलं, आणि तो दारासमोर हात पसरून उभा राहिला.

“इथे काही नाही,” तो म्हणाला. अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

“कोंबड्यांचा आवाज येतोय,” मिस प्रेंडरगास्ट म्हणाल्या.

“कोंबड्या? कसल्या कोंबड्या?” तेवढ्यात एक बाहेर येऊन त्याच्या बुटावर उभी राहिली. त्याने तिच्याकडे जन्मात पाहिली नसल्यासारखं पाहिलं. “ही होय? ही मल्व्हींकडची. जातायेता डोकावते.”

बाईंना कोंबड्यांचं काही नव्हतं, त्यांना खोपटी हवी होती. इतकी धड राहिलेली आपण पाहिलीच नाही म्हणाल्या, आणि बघता बघता त्या पांढऱ्या बुटांसकट रांगत आत. मी लगेच पॅकीला गाठलं. बैल कसा आहे म्हटलं. उत्तम, म्हणाला, दुसरा नंबर आला. आणि आता त्याला काही लागत नाही? नाही, म्हणाला, ते चांगल्या हाती गेलं. इतक्या चांगल्या हाती, की त्या हाताला ते घेतल्याचं कबूल करायची सोय नाही. असं म्हणून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि खाली चर्चच्या शिखराकडे बघितलं. त्याच वेळी आतून एक किंकाळी आली. पॅकीचा कोंबडा आतच होता, आणि त्याला सरकारबद्दल काडीचा आदर नव्हता. मिस प्रेंडरगास्ट जेवढ्या वेळात आत गेल्या त्याच्या चौथाईत बाहेर आल्या, आणि येताना दाराच्या वरच्या दगडावर नाक आपटलं. रक्त नाही आलं तेव्हा, नुसतं सुजलं. पॅकीने मला बाजूला घेऊन विचारलं की यावर आता दंड आपल्याला की कोंबड्याला.

आता फादर बोहनांचं सांगते. तू त्यांना ओळखत नाहीस, नवीन आहेत, अठरा वर्षं झाली येऊन. लेन्टच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी असं काही प्रवचन झोडलं की बाक हलले. झाडाला नवसाच्या चिंध्या बांधणं, विहिरीभोवती उलटं फिरणं, आणि (इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं) लोखंडाच्या तुकड्यांवर भरवसा ठेवणं, हे सगळं अडाणीपणाचं आहे म्हणाले. आणि ईस्टरपासून ते ताठ चालायला लागले. वाकेनात. खाली पडलेलं स्तोत्रांचं पुस्तक पायाने सरकवत वेदीपर्यंत नेताना मी त्यांना माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आम्ही बायकांनी त्यांच्या पाठीसाठी नऊ दिवसांची प्रार्थनासुद्धा केली. आता मला उमगलं की पाठीला काही झालेलं नव्हतं, पाठीवर काहीतरी होतं.

ते तळ्याकाठच्या विहिरीपाशी सापडले, जत्रेआधी झाडावरच्या चिंध्या काढत होते. खालच्या फांद्यांच्या तशाच होत्या, वाकता येत नव्हतं ना. मी ओळख करून दिली. मग म्हटलं, “पाठ कशी आहे, फादर?”

“देवाच्या हाती आहे.”

“नुसत्या देवाच्याच ना?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे पापांची कबुली देऊन मोकळी झाली असती. मीही हटले नाही, पण करणार काय? मागायचं नाही. त्यांनी द्यायचं नाही, कारण घेतलंच नाही. आणि वर काळ्या कोटातल्या एवढ्या मोठ्या माणसाला पाठ दाखवा कसं म्हणायचं? खरं सांगते, त्या क्षणी मी हरले होते. मनातल्या मनात आपल्या दाराला बघत होते, बंद, आणि त्यावर कुणी थाप मारत नाही.

आणि मिस प्रेंडरगास्टांचा घोळणा फुटला. (मी त्याची प्रार्थना केली नव्हती. मनात आलं होतं. मनात येणं वेगळं, असं लहानपणी पत्रातून तूच मला शिकवलंस.) त्यांनी नाकाला रुमाल लावला. रुमाल पांढरा होता, मग नव्हता. त्या दगडावर बसल्या, चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला, आणि रक्त काही थांबेना. फादर एकदा बाईंकडे बघत होते, एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे. वरून काही मदत आली नाही.

“डिंफ्ना,” ते शेवटी म्हणाले, “तळ्याकडे तोंड कर.”

“का, फादर?”

“हंस बघ.”

“हंस नाहीत, फादर.”

“येतील. बघत राहा.”

मी तळ्याकडे तोंड केलं. मागे कॉलर सुटल्याचा आवाज आला, मग दोरीचा, मग लोखंडाचा, आणि मग मिस प्रेंडरगास्टांनी ‘आई गं’ केलं, कारण किल्ली गार असायला हवी ती फादरांच्या अंगावर राहून गरम झाली होती, म्हणून त्यांनी ती आधी विहिरीत बुडवली होती. मी वळले तर रक्त थांबलं होतं. एका दमात! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांच्या तोंडून ‘आभा’ एवढं बाहेर पडलं, पुढचं यायच्या आत मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सरकारच्या तोंडावर, आत्या.

“ही वस्तू मी जप्त केली होती,” फादर कॉलर लावता लावता म्हणाले. “प्रवचनानंतर.”

“हो, फादर.”

“विचारलं तर हेच सांग.”

“आणि दोरी, फादर?”

“दोरी जप्तीतच आली.” आणि खाली वाकून त्यांनी एकदम पाच-सहा चिंध्या काढल्या. काय सुरेख वाकले! आमची नऊ दिवसांची प्रार्थना फुकट गेली म्हणायला नको.

गाडीत मी मिस प्रेंडरगास्टांना सगळं सांगून टाकलं. त्यांचा रुमाल बघून माझ्याच्याने पुढे खोटं बोलवेना. त्यांनी ऐकून घेतलं, नियमसुद्धा नीट विचारून घेतले, आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकून म्हणाल्या, म्हणजे आता ही माझ्याकडे. मी म्हटलं, हो, आता ती तुमच्याकडे. ज्या बाई किल्ली जागेवर आहे का बघायला आल्या त्यांच्याच खिशात मी ती स्वतः पोचवली होती, नियमानुसार.

मठाच्या फाटकाशी फॉन्सी तेलाचा डबा घेऊन उभा होता. बाईंनी किल्ली घातली. फिरेना. फॉन्सीने तेल ओतलं. फिरेना. आतल्या बाजूने आपली तांबडी गाय येऊन बघत उभी राहिली.

“हे कुलूप शेवटचं कधी उघडलं होतं?” बाईंनी विचारलं.

“उघडतंच की,” फॉन्सी चटकन म्हणाला. (चटकन! मला वाटलं हा आजारी पडला.) “सारखी येतात माणसं आत.”

“कुठून?”

फॉन्सीने हात केला. मागची भिंत कोसळून जे खिंडार पडलंय, त्यातून त्याच वेळी दुसरी गाय बाहेर पडत होती. मग आम्हा तिघांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. इतकी वर्षं जी जी माणसं किल्ली घेऊन गेली, त्या सगळ्यांनी ती फाटकाला लावून पाहिली, फिरली नाही, मग गाईंच्या मागून आत गेली, मठ बघितला, आणि परत येऊन मला किल्ली देऊन म्हणाली, छान उघडलं हो, काही त्रास नाही. एवढा चहा पाजल्यावर वाईट कसं सांगायचं, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना. एका जर्मन माणसाने तेवढं सांगितलं होतं की किल्ली चालत नाही. आम्ही त्याला मनगटाला लावायचं तेल दिलं.

फॉन्सीला हे फार लागलं. घराण्याचा प्रश्न होता. तो म्हणाला, गंज आहे, जरा खांदा लावला की होईल, आणि त्याने खांदा लावला. फाटक उघडलं नाही, फाटक पडलं. अख्खं, चौकटीसकट, गवतात आडवं, आणि त्यावर फॉन्सी. कुलूप जसंच्या तसं बंद. गाय बाजूला झाली होती, तिला आधीच कळलं असावं. मी किंचाळले, फॉन्सी कण्हला, आणि मिस प्रेंडरगास्ट सुजलेलं नाक दोन्ही हातांनी धरून इतक्या हसल्या की मला वाटलं पुन्हा फुटतंय. हसणं आवरल्यावर वही काढली. म्हणाल्या, आकड्यांचं कुलूप लावायला आधी फाटक लागतं. नव्या फाटकाची मागणी जाईल, तिला मंजुरी लागेल, मंजुरीला समिती लागेल, समितीला बैठक लागेल, माझ्या निवृत्तीपर्यंत काही होत नाही. तोवर किल्ली हेस्लिनांच्याच घरी असावी, आणि लिहिलं तसं, फॉन्सीच्या अंगावरून हात करून मला दाखवलं. मी त्यांना मिठीच मारली.

आणि मग त्या गाडीत बसून गेल्या. किल्ली खिशात घेऊन.

आत्या, ते दिवस कसे काढले ते मी जाणे. कागदावर किल्ली आमच्याकडे, खिळा रिकामा, किल्ली डब्लिनमध्ये, आणि मागायची सोय नाही. डब्लिनच्या माणसाला नियम किती दिवस लक्षात राहणार? फादर बोहन रोज फॉन्सीची पाठ बघायला म्हणून यायचे आणि खिळा बघून जायचे. फॉन्सीला बघायला अख्खं ड्रमकेरा लोटलं, काँसेप्टा टार्ट घेऊन, पॅकी अंडी घेऊन (ती मल्व्हींकडच्या कोंबडीची आहेत असं त्याने मला दोनदा बजावलं). फॉन्सी एवढा बोलला की त्याचा घसा बसला. पण मी मात्र दर थापेला धावत होते आणि दर वेळी हिरमुसून चहा ठेवत होते.

रविवारी दुपारी थाप पडली. मिस प्रेंडरगास्ट, आणि सोबत त्यांची आई, मूळच्या आपल्या शेजारच्या रॉसकॉमनच्या. मुलगी म्हणे किल्ली पाकिटात घालून पोस्टाने पाठवणार होती. आईने खडसावलं, अशी वस्तू पोस्टाने पाठवतात का, अक्कल आहे का तुला, गाडी काढ. मुलीने स्वतःच्या हाताने किल्ली खिळ्याला लावली. आई म्हणाल्या चहा नको, मग म्हणाल्या खरंच नको, मग म्हणाल्या आमच्यासाठी नका करू. पाणी बरोबर उकळलं. माझा सगळा ताण त्या वाफेबरोबर निघून गेला. अंधार पडेपर्यंत बसल्या दोघी, आणि जाताना मुलगी म्हणाली, पुन्हा आले तर चालेल ना, खात्याच्या कामाशिवाय? आता तूच सांग, क्षेम आहे की नाही?

असो. थोरामोठ्यांना माझा नमस्कार सांग, लसूणवालीलासुद्धा.

तुझी भाची,
डिंफ्ना

ता. क. एक सांगायचं राहिलं. रविवारी मिस प्रेंडरगास्ट सहज म्हणाल्या की त्या कुलपाचं भोक त्यांनी मोजलंय, त्याला वीतभर किल्ली लागेल, आणि आपली तर बोटभर. ही कुठल्यातरी कोठीची असावी. त्या गेल्यावर थोड्या वेळाने मला फॉन्सीचं अंथरूण रिकामं दिसलं. (म्हणजे उठता येतं त्याला. बघतेच आता.) तो किल्ली घेऊन परसात, मागच्या जळणाच्या खोलीशी उभा होता. ती खोली माझ्या जन्माआधीपासून बंद. आजोबांनी किल्ली हरवली असं बाबा सांगायचे, आणि आजोबा ते कुलूप कुणाला फोडू द्यायचे नाहीत. आत्या, एका फिरवण्यात उघडलं. आत तुझी सायकल आहे. साखळीला ग्रीस लावून, पोत्यात नीट गुंडाळून ठेवलेली.

ता. क.चा ता. क. बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे, की तू बोटीत बसायला निघालीस तेव्हा कोबच्या बंदरापर्यंत सारखा तुझा घोळणा फुटत होता, आणि बोटीवर पाऊल ठेवलंस आणि थांबला, तो सगळ्यांनी देवाचा कौल मानला. मी तुझ्या नन होण्याबद्दल काही म्हणत नाही. पण तुझ्या त्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एकदा हात घालून बघ. मला वाटतं आजोबांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, रिकामा खिळा दुसऱ्याच दिवशी दिसला असावा. त्यांनी जळणाच्या खोलीची किल्ली तिथे लावली, जळण आयुष्यभर पावसात भिजू दिलं, पण तुझं नाव येऊ दिलं नाही.

शेवटचं. मी किल्ली मागत नाहीये, हे स्पष्ट लिहिते. मागितली तर सगळ्या गावाचे घोळणे फुटतील, त्यात आता एक पाद्री, एक बैल आणि एक सरकारी नाक आहे. पण नियम तुला माझ्याआधीपासून ठाऊक आहे, पोस्टाने चालत नाही, जिला गुण आला तिने स्वतःच्या हाताने आणून लावायची. नवा खुबा चालतो म्हणतेस ना? फॉन्सीने सायकलीत हवा भरलीय, वरच्या खोलीत मी अंथरूण घातलंय. तीनदा ‘नको’ म्हणत बसू नकोस, पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हण. पाणी मी आधीच ठेवलंय.